उंचीचा उतावळा हिशेब

1978 साली अमेरिकेतील विल्मिंग्टन शहराच्या लेनी हायस्कूलमध्ये बास्केटबॉलच्या मुख्य संघाची निवड झाली. पंधरा वर्षांचा, 5 फूट 10 इंच उंचीचा एक विद्यार्थी त्या यादीत नव्हता. त्याची रवानगी कनिष्ठ संघात झाली. संघाला उंची हवी होती, म्हणून त्याच्याच वर्गातील साडेसहा फुटांच्या मित्राला जागा मिळाली. वगळलेल्या मुलाचे नाव मायकेल जॉर्डन. पुढे त्याची उंची 6 फूट 6 इंच झाली.

ही कथा जिद्दीचा दाखला म्हणून नेहमी सांगितली जाते. तिच्यातील शरीरशास्त्राचा धडा मात्र दुर्लक्षित राहतो. स्कॉटी पिपेन शाळेतून बाहेर पडला तेव्हा 6 फूट 1 इंच होता. महाविद्यालयात तो 6 फूट 8 इंचांवर गेला. डेनिस रॉडमनचा शालेय संघात जम बसला नाही. शाळेनंतर तो विमानतळावर सफाईचे काम करीत असे. त्याच सुमारास त्याची उंची झपाट्याने वाढून 6 फूट 7 इंच झाली. हे तिघे 1995-96 च्या हंगामात शिकागो बुल्सकडून एकत्र खेळले आणि 82 साखळी सामन्यांपैकी 72 जिंकून त्या संघाने तेव्हाचा विक्रम केला.

मुलींची उंची सर्वाधिक वेगाने साधारण बाराव्या वर्षी वाढते, मुलांची चौदाव्या वर्षी. परंतु ही केवळ सरासरी होय. कोणाचा वेग बाराव्या वर्षी येतो, कोणाचा सोळाव्या. त्यामुळे जन्मदाखल्यावर तेरा वर्षांच्या दोन मुलांत शारीरिक परिपक्वतेचे अंतर तीन-चार वर्षांचेही असू शकते. त्यात वयोगट जन्मवर्षावरून ठरत असल्याने जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरमधील मुलाहून जवळजवळ वर्षाने मोठा असतो. जमिनीपासून 3.05 मीटर उंचीवर कडे असलेल्या या खेळात प्रशिक्षकाची नजर उंच मुलाकडे वळणे स्वाभाविकच आहे.

नुकसान मात्र दोघांचेही होते. उशिरा वाढणारा मुलगा निराश होऊन मैदान सोडतो. लवकर वाढलेल्याला कड्याखाली उभे केले जाते. चेंडू टप्प्यांनी पुढे नेणे, दुरून नेम साधणे, अचूक पास देणे ही कौशल्ये त्याच्या वाट्याला येत नाहीत. सोबती उंचीने बरोबरीला आले की त्याचे भांडवल संपते. वेगाने वाढण्याच्या काळात हातापायांचा ताळमेळही काही काळ बिघडतो आणि गुडघे दुखू लागतात. त्या महिन्यांतील खराब खेळावरून मुलाची पारख करणे अन्यायाचे ठरते.

यावर उपाय आहेत. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या खामिस-रोश पद्धतीत मुलाचे वय, उंची व वजन आणि आईवडिलांची उंची यांवरून प्रौढपणीच्या उंचीचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी हाडांच्या एक्स-रेची गरज नसते. इंग्लंडमधील फुटबॉल अकादमींनी अशा अंदाजांच्या आधारे वयाऐवजी परिपक्वतेनुसार गट पाडून सामने खेळविले आहेत. अर्थात अंदाज तो अंदाजच. त्यावरून कोणाला कायमचे बाद ठरवू नये.

पालकांच्या हाती साधी गोष्ट आहे. दर तीन महिन्यांनी मुलाची उंची वहीत तारखेसह नोंदवावी. वाढीचा वेग दिसला की सरावाचा भार थोडा कमी करण्याविषयी प्रशिक्षकांशी बोलावे. उंची वाढविण्याचा दावा करणाऱ्या चूर्णांवर पैसा घालवू नये. निवड हुकली, तर कनिष्ठ संघात किंवा गल्लीतल्या मैदानावर सराव चालू ठेवावा.

जैन दर्शनाने द्रव्य आणि पर्याय यांतील भेद शिकविला आहे. तेराव्या वर्षीची उंची हा बदलता पर्याय होय. व्यापारी एका दिवसाच्या विक्रीवरून पेढीची पत ठरवीत नाही. मग एका दुपारच्या निवड चाचणीवरून मुलाची पत का ठरवावी?