गुळण्यांनी विषाणू रोखले जातात का?

माउथवॉशने गुळण्या केल्या की कोरोनाची लागण होत नाही, असा समज २०२० मध्ये पसरला. त्यात तथ्य आहे, पण थोडे. पोव्हिडोन आयोडीनसारखी जंतुनाशके कोरोना विषाणूचे लिपिड आवरण (स्निग्ध बाह्य पापुद्रा) मोडतात. त्यामुळे लाळेतील विषाणूभार (विषाणूंचे प्रमाण) काही काळ घटू शकतो. म्हणूनच अनेक दंतवैद्य उपचारापूर्वी रुग्णाला चूळ भरायला सांगतात. उडणाऱ्या तुषारांतून होणारा प्रसार कमी व्हावा, हा हेतू.

मात्र विषाणू वाढतो तो नाक, घसा आणि फुप्फुसांतील पेशींच्या आत. तिथे गुळणी पोचत नाही. गळका नळ तसाच ठेवून फरशी पुसली, तर ती पुन्हा ओली होतेच. त्यामुळे गुळणी ही तात्पुरती जोड आहे. लस, मास्क आणि खेळती हवा यांना पर्याय नाही. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी आयोडीनच्या गुळण्या डॉक्टरांना विचारूनच कराव्यात.