गाठीला पाणी कुठून मिळतं?

रोवणीचे दिवस आले की आमगाव, तिरोडा, गोरेगावकडची बाई सकाळपासून बांधीत वाकलेली असते. छातीत गाठ लागली तरी म्हणते, "दुखत नाही ना, मग रोवणी आटोपली की बघू." पण स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

डॉक्टर आधी हाताने तपासतात. मग साधी सोनोग्राफी होते, वयानुसार मॅमोग्राफीही. गाठीचा आकार, तिच्या कडा, आत पाणी आहे की मांस, हे सोनोग्राफीत कळतं. बारीक रक्तवाहिन्या मात्र नीट दिसत नाहीत. त्या पाहण्यासाठी कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी असते.

एका छोट्या कुपीत पांढरी पूड असते. तिच्यात सलाईन घालून कुपी जोरात हलवली की दुधासारखं द्रावण होतं. त्यात सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचे असंख्य बुडबुडे असतात, प्रत्येकावर स्निग्ध पदार्थाचं पातळ कवच. बुडबुडा सरासरी अडीच मायक्रॉनचा, म्हणजे 7-8 मायक्रॉनच्या तांबड्या पेशीहूनही लहान. त्यामुळे तो केशवाहिनीतूनही सहज जातो, पण वाहिनीबाहेर झिरपत नाही.

हे द्रावण हाताच्या शिरेत देतात आणि प्रोब गाठीवर स्थिर धरतात. ध्वनिलहरी मुद्दाम सौम्य ठेवतात, नाहीतर बुडबुडे फुटतात. लहर लागली की बुडबुडे थरथरतात आणि वेगळ्याच सुरात उत्तर देतात. यंत्र तेवढंच उत्तर टिपतं. पडदा काळा असतो. काही सेकंदांत त्यावर रक्ताच्या वाटा उजळतात.

बांधीला पाटाचं पाणी शिस्तीत मिळतं, तशी साधी गाठ बहुधा सारखी उजळते आणि तिची कड स्वच्छ राहते. कर्करोगाची गाठ मात्र जागोजागी बांध फोडून पाणी ओढणाऱ्यासारखी. ती स्वतःसाठी नव्या, वाकड्यातिकड्या वाहिन्या काढते. म्हणून ती लवकर आणि विषम उजळते, साध्या सोनोग्राफीत दिसली त्याहून मोठीही दिसते.

काही मिनिटांत वायू श्वासावाटे निघून जातो. क्ष-किरण नाहीत, मूत्रपिंडावर भार नाही. ॲलर्जी क्वचितच होते, तरी आधीची ॲलर्जी किंवा हृदयविकार असेल तर आधीच सांगावं. सूज आलेली साधी गाठही कधी अशीच उजळते, म्हणून शेवटचा निर्णय सुईने तुकडा काढून केलेल्या बायोप्सीचाच.

ही तपासणी सगळीकडे होत नाही, आणि प्रत्येकीला ती लागतेच असंही नाही. पहिली तपासणी मात्र जवळच होते. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. पुढे गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गाठ हाताला लागली त्याच आठवड्यात दाखवा. तेवढे दिवस तुमची रोवणी शेजारणी सांभाळून घेतील.