टॉर्च तहानलेला होता!

वळवाचा पाऊस आला की आमच्याकडे आधी लाइट जातात. मग पाऊस थांबतो, लाइट मात्र येत नाहीत. अशाच एका रात्री सासूबाईंनी खुंटीवरचा चार्जिंगचा टॉर्च काढला, बटण दाबलं. काजव्याएवढा उजेड पडला आणि तोही गेला. जेमतेम दीड वर्षाचा टॉर्च! दुकानात नेला तर, "वहिनी, नवीनच घ्या, हे रिपेर करणं परवडत नाही." घरी सासूबाई म्हणाल्या, "अगं, उघडून तरी बघ. नाहीतरी टाकायचाच आहे ना?"

उघडण्याआधी एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. अशा बऱ्याच स्वस्त टॉर्चमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. पिन बोर्डात खोचली की आतल्या भागांत घरातली २३० व्होल्टची वीज थेट खेळते. म्हणून चार्जिंगला लावलेला टॉर्च कधीही उघडायचा नाही, आणि उघडलेला टॉर्च चार्जिंगला लावायचा नाही.

आत एक काळी, ठोकळ्यासारखी चार व्होल्टची बॅटरी निघाली. ही इन्व्हर्टरच्या बॅटरीची धाकटी बहीणच. आत तेच शिसं, तेच गंधकाचं आम्ल. लाल वायर सुटून लोंबत होती आणि टोकावर पांढरट-हिरवट बुरशी चढली होती. म्हणजे अर्धं दुखणं नुसतं डाखाचं होतं.

सोल्डरिंग म्हटलं की आपण उगाच घाबरतो. आठवा, लहानपणी दारात कल्हईवाला यायचा. भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचा. हे तेच काम, फक्त लहान. नवसागराच्या जागी राळ, आणि कथलात थोडं शिसं मिसळलेली तार. पंचवीस वॅटची इस्त्री, म्हणजे सोल्डरिंगची हो, पुरते. बुरशी पॉलिश पेपरनं घासून टोक चकचकीत करायचं, वायरीच्या टोकाला आधी डाख चढवून घ्यायचा, मग दोन्ही जोडून दोन-तीन सेकंद उष्णता द्यायची. डाख चमकदार बसला पाहिजे. मळकट गोळा झाला तर तो चिकटलेला नाही, पुन्हा करा. माझे पहिले तीन गोळेच झाले! धूर नाकात जाऊ देऊ नका, खिडकीपाशी बसा. आणि शिसं हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय कणकेला हात लावू नका. स्वयंपाकाच्या ओट्यावर तर हे काम नकोच. शिसं पोटात गेलं तर लहान मुलांच्या मेंदूला फार वाईट.

वायर जोडली तरी टॉर्च मंदच. मीटर लावला तर तीन व्होल्टही नाहीत. ही बॅटरी रिकामी ठेवली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर कठीण पापुद्रा धरतो, शिवाय आतलं पाणीही सुकतं. वरची चिकटवलेली पट्टी सुरीनं अलगद उचलली तर खाली रबराची दोन टोपणं. सिरिंजनं प्रत्येकात डिस्टिल्ड वॉटर सोडलं, अगदी थेंबाथेंबानं, आतली कापसासारखी गादी ओली दिसेपर्यंत. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार बॅटरी मारतात. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे हवेतच. माझ्या जुन्या गाऊनला दोन भोकं पडलीच. थेंब सांडलाच तर भरपूर पाणी, आणि ओट्याखालचा खाण्याचा सोडा. टोपणं बसवून, पट्टी चिकटवून, टॉर्च पूर्ण बंद केला आणि मोकळ्या हवेत चार्जिंगला लावला. त्या वेळी बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून देवाजवळच्या निरांजनापासून लांब. तीनदा चार्ज केल्यावर कुठे तिनं डोळे उघडले.

प्रत्येक बॅटरी अशी उठत नाही, हेही सांगते. आतला पापुद्रा फार जुना असेल तर पाणी वाया जातं. आणि मोबाइलची, लॅपटॉपची, पॉवर बँकेची लिथियम बॅटरी? तिला हातसुद्धा लावू नका. फुगली असेल तर टोचायची नाही, दाबायची नाही, डाख तर मुळीच नाही. ती भडकते आणि सहज विझत नाही. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्यांवर आहे. तेव्हा घंटागाडीत न टाकता तशा जमा करणाऱ्याकडेच द्या. शिशाच्या मोठ्या बॅटरीचे तर दुकानदार पैसेही देतात.

आमचा टॉर्च आता पाऊण तास चालतो, नवा होता तेव्हा दोन तास चालायचा. महिन्याच्या पहिल्या तारखेला सासूबाई आठवणीनं तो चार्जिंगला लावतात, वापरलेला असो वा नसो. परवा शेजारच्या काकू डास मारायची रॅकेट घेऊन आल्या. ती उघडायला मी अजून धजावलेले नाही, तिच्यातला झटका बंद केल्यावरही बसतो म्हणतात.