वाफेचा चटका मोठा का?

तापमापक उकळत्या पाण्यात बुडवा किंवा पाण्याच्या लगेच वर वाफेत धरा, आकडा शंभरच्याच आसपास येतो. म्हणून दोन्हींचा चटका सारखाच असणार, असं वाटतं. पण भाजण्याचा हिशेब नुसत्या तापमानाने होत नाही. कातडीत किती उष्णता उतरली आणि किती झपाट्याने उतरली, यावर तो ठरतो. एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला 100 कॅलरी लागतात. त्याची वाफ करायला मात्र आणखी 540 कॅलरी खर्च होतात, आणि तेवढ्या वेळात पारा जागचा हलत नाही. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला जोसेफ ब्लॅक यांनी 1760 च्या दशकाच्या सुरुवातीला हे प्रयोगाने दाखवलं. शाळेच्या पुस्तकातला ‘अप्रकट उष्मा’ तो हाच. वाफ कातडीवर येऊन पुन्हा पाणी झाली की ही सगळी उष्णता तिथेच सोडते. एक ग्रॅम उकळतं पाणी 37 अंशांपर्यंत निवताना 63 कॅलरी देतं, तर एक ग्रॅम वाफ 603. म्हणजे जवळजवळ दहापट.

यावर कोणी म्हणेल, ग्रॅमला ग्रॅम तोलून कोण भाजतं? आक्षेप रास्त आहे. शंभर अंशांची एक ग्रॅम वाफ सुमारे 1.7 लिटर जागा व्यापते, तर पातेलं कलंडलं की अंगावर पावशेर-अर्धा शेर पाणी सहज येतं आणि कपड्यांत मुरून चटके देत राहतं. लहान मुलांच्या बाबतीत सांडलेल्या पाण्याचीच धास्ती जास्त बाळगावी; सर्दीत वाफारा घेतानाही खरा धोका मांडीजवळच्या भांड्याचा असतो. वाफाऱ्याने तोंड सहसा भाजत नाही, कारण तिथवर येईतो वाफेत भरपूर हवा मिसळून ती निवलेली असते. पण यातून वाफ निरुपद्रवी ठरत नाही. आपल्याला दिसतो तो पांढरा लोट म्हणजे निवलेले जलकण. किटलीच्या तोटीला लागून जो बोटभर भाग रिकामा दिसतो, तिथे खरी वाफ असते, आणि हात नेमका तिथेच जातो.

कुकरचं गणित याहून वाईट. शिट्टीच्या दाबाखाली आतलं पाणी सुमारे 120 अंशांवर असतं. दाब उतरायच्या आत झाकण हिसकलं, तर त्या जादा वीस अंशांच्या उष्णतेवर लिटरभर पाण्यातलं सुमारे 38 ग्रॅम पाणी त्याच क्षणी वाफ होतं. साठ लिटरच्या वर वाफ, उरलेलं उकळतं पाणी आणि डाळ सोबत घेऊन, थेट तोंडावर! घाई असेल तर कुकर नळाखाली धरा, पण झाकणाशी झटापट नको. मोदकपात्र किंवा इडलीपात्र उघडताना गॅस आधी बंद करावा आणि झाकणाची पलीकडची कड उचलावी, म्हणजे वाफ आपल्यापासून दूर निघते. ओल्या फडक्याने गरम झाकण धरू नये. फडक्यातल्याच पाण्याची वाफ बोटांना भाजते. तरीही भाजलंच, तर अंगठ्या-बांगड्या लगेच काढा आणि भाजलेला भाग वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका, फोड फोडू नका. चेहरा भाजला असेल, आवाज बसला किंवा श्वास जड वाटला, तर थेट दवाखाना गाठा.