संगणकाचं कलम बांधताना

नवा संगणक विकत घेणं सोपं असतं, तो ‘आपला’ करणं वेळखाऊ. मराठी कळफलक, आवडते फॉन्ट, सवयीचे शॉर्टकट, कुठून तरी शोधून आणलेला प्रिंटरचा ड्रायव्हर, हे सगळं पुन्हा बसवण्यात शनिवार-रविवार जातो. संशोधनात हा प्रश्न अधिक गंभीर होतो. विश्लेषणाच्या लायब्ररीची आवृत्ती बदलली, तर त्याच आकडेवारीतून निघणारं उत्तर किंचित वेगळं येऊ शकतं. म्हणून वाटतं, की नीट बसलेली घडी तशीच्या तशी उचलून दुसऱ्या यंत्रावर ठेवावी.

ती ठेवता येते. मात्र त्या घडीतलं काय नव्या यंत्रावर जाऊ द्यायचं नाही, हे आधी ठरवावं लागतं. ते आज पाहू, मुख्यतः लिनक्सच्या संदर्भात.

डिस्कची नक्कल

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे शेवटी डिस्कवर लिहिलेले शून्य आणि एक. ‘डीडी’ ही युनिक्समधली जुनी आज्ञा ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते आणि दुसऱ्या डिस्कवर उतरवते. कोणती फाइल कुठे आहे, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. त्यामुळे १ टेराबाइटच्या डिस्कवर २०० गिगाबाइटच मजकूर असला, तरी ती सगळी डिस्क वाचते. सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने त्याला जवळपास पावणेतीन तास लागतात. शिवाय डिलीट केलेल्या फाइलींचे अवशेष ‘रिकाम्या’ जागेत उरलेले असू शकतात, तेही सोबत जातात.

तैवानच्या राष्ट्रीय महासंगणन केंद्रात विकसित झालेलं ‘क्लोनझिला’ हे मोफत सॉफ्टवेअर अधिक शहाणपणाने वागतं. फाइल सिस्टिमची खातेवही पाहून ते फक्त वापरातले भाग उचलतं. वरचंच काम मग साधारण अर्ध्या तासात होतं. विंडोजच्या जगात हे काम वर्षानुवर्षं ‘घोस्ट’ करत असे. तो प्रोग्रॅम न्यूझीलंडमध्ये जन्मला आणि १९९८ मध्ये सिमँटेकने विकत घेतला.

दोन पथ्यं मात्र पाळावीत. चालू सिस्टिमची नक्कल काढू नये, कारण नक्कल होत असतानाच फाइली बदलत असतात. पेनड्राइव्हवरून दुसरी लिनक्स सुरू करून हे काम करावं. आणि मूळ डिस्क कोणती, नवी कोणती, हे आज्ञा देण्यापूर्वी दोनदा वाचावं. नावांची अदलाबदल झाली, तर भरलेल्या डिस्कवर रिकामी डिस्क लिहिली जाते.

खुंट नवा, काडी जुनी

हापूसची कोय रुजवली तर हापूसच येईल याची खात्री नसते, म्हणून रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधतात. इथेही तसंच आहे. काडी म्हणजे आपली सिस्टिम आणि खुंट म्हणजे नवं हार्डवेअर. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येत असल्याने कलम सहसा जगतं. अडतं ते काही ठराविक ठिकाणी.

यूईएफआय संगणकांमध्ये ‘कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं’ ही नोंद मदरबोर्डवर असते. डिस्कसोबत ती येत नाही, त्यामुळे बूटलोडर नव्याने बसवावा लागू शकतो. फेडोरासारखी वितरणं सुरुवातीच्या टप्प्यासाठी फक्त त्या यंत्राला लागणारे ड्रायव्हर बांधून ठेवतात. नव्या यंत्रावर अशा वेळी बूट मेन्यूतला ‘रेस्क्यू’ पर्याय उपयोगी पडतो, कारण त्यात सर्वसाधारण ड्रायव्हर असतात. एनव्हिडियाचा खास ड्रायव्हरही कार्ड वेगळं असेल तर बदलावा लागतो.

हे अडथळे लगेच दिसतात, म्हणून त्यांची भीती कमी. पुढचे दिसत नाहीत.

ओळखही सोबत जाते

आजच्या बहुतेक लिनक्स यंत्रांवर ‘मशीन-आयडी’ नावाची इवलीशी फाइल असते. तिच्यात ३२ अक्षरांत लिहिलेला १२८ बिटांचा आकडा असतो आणि त्यातले १२२ बिट यादृच्छिक असतात. म्हणजे शक्यता किती? ५ वर ३६ शून्यं दिली की जी संख्या होते, साधारण तेवढ्या. दोन यंत्रांना योगायोगाने तोच आकडा मिळणं व्यवहारात अशक्यच. याच भरवशावर बाकीची सॉफ्टवेअर चालतात, आणि क्लोन तो भरवसा एका झटक्यात मोडतो.

काही यंत्रं नेटवर्ककडे पत्ता मागताना याच आकड्यावरून आपली ओळख सांगतात. मग मूळ आणि क्लोन दोघांना एकच आयपी पत्ता मिळतो आणि जोडणी कारणाशिवाय तुटत राहिल्यासारखी वाटते. फाइल सिस्टिमलाही असाच ओळखक्रमांक असतो. दोन्ही डिस्क एकाच यंत्राला जोडल्या, तर एक्सएफएस दुसरी डिस्क उघडायलाच नकार देते आणि बीटीआरएफएसमध्ये माहिती खराब होण्याचा धोका असतो.

सुरक्षेचा मुद्दा याहून मोठा. एसएसएच सर्व्हर स्वतःची ओळख एका गुप्त किल्लीने पटवतो. तीच किल्ली दहा यंत्रांवर गेली, तर एक यंत्र फुटल्यावर बाकीच्या नऊंचं सोंग घेता येतं. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल, तर लक्स पद्धतीत पासवर्डमागे एक मुख्य किल्ली असते. क्लोनवर पासवर्ड बदलला तरी ती तीच राहते.

‘नावापुरता तर आकडा आहे, काय बिघडतं?’ हा प्रश्न विंडोजवाल्यांनीही विचारला होता. तिथे प्रत्येक यंत्राला ‘एसआयडी’ असतो. क्लोन केल्यावर तो बदलण्यासाठी मार्क रसिनोविच यांनी ‘न्यूएसआयडी’ हे साधन लिहिलं होतं. २००९ मध्ये त्यांनीच तपासून सांगितलं, की एकसारख्या यंत्र-एसआयडीमुळे प्रत्यक्षात अडचण येत नाही, आणि ते साधन मागे घेतलं. मायक्रोसॉफ्टने तरी ‘सिसप्रेप’ वापरूनच क्लोन करा, हा आग्रह सोडला नाही. २०२५ मध्ये विंडोज ११ च्या अद्ययावत आवृत्त्यांनी हे क्रमांक काटेकोरपणे तपासायला सुरुवात केली आणि सिसप्रेपशिवाय क्लोन केलेल्या यंत्रांना एकमेकांशी जोडताना लॉगिन नाकारलं जाऊ लागलं. सोळा वर्षं निरुपद्रवी असलेली गोष्ट एका अपडेटने उपद्रवी झाली.

क्लोननंतर लगेच करायची कामं

- यंत्राचं नाव बदला.
- मशीन-आयडीची फाइल रिकामी करा. पुढच्या वेळी सुरू होताना नवा आकडा तयार होतो.
- एसएसएचच्या होस्ट किल्ल्या काढून नव्या बनवा.
- यादृच्छिक संख्यांसाठी साठवलेलं बीज, म्हणजे ‘रँडम-सीड’ फाइल, काढून टाका. नाहीतर दोन यंत्रं एकाच बीजापासून सुरुवात करतील.
- फाइल सिस्टिमचा ओळखक्रमांक बदललात, तर एफएसटॅब आणि बूटलोडरमध्येही तो बदला.
- एन्क्रिप्शन हवं असेल, तर नव्या डिस्कवर ते मुळापासून करा आणि मग फाइली उतरवा.

क्लोन दुसऱ्या कुणासाठी असेल, तर आणखी एक काम. भारतात आई-बाबांना द्यायच्या लॅपटॉपवर आपलीच तयार घडी उतरवावी, असं अनेकांना वाटतं. पण ब्राउझरमधले पासवर्ड, बँकेची कागदपत्रं, ऑफिसच्या किल्ल्या, सगळं त्यासोबत जातं. अशा वेळी डीडी वापरू नये. आपलं खातं आधी काढावं, मगच नक्कल करावी.

नकलेऐवजी कृती

एकाच वेळी, एकसारख्या यंत्रांसाठी क्लोन उत्तम. पण पुन्हा पुन्हा हेच करायचं असेल, तर घडीची नक्कल ठेवण्यापेक्षा तिची कृती लिहून ठेवावी: कोणती पॅकेजेस, कोणत्या आवृत्त्या, कोणत्या सेटिंग फाइली. ‘अॅन्सिबल’ अशा कृतीवरून यंत्र तयार करतं. एल्को डोल्स्ट्रा यांच्या २००६ च्या पीएचडी प्रबंधात मांडलेली ‘निक्स’ ही पद्धत तर प्रत्येक सॉफ्टवेअरची नेमकी घडण नोंदवून ठेवते. अशा यंत्राला सगळ्या सवयी आपल्या मिळतात, पण मशीन-आयडी आणि किल्ल्या त्याच्या स्वतःच्या तयार होतात. शिवाय प्रयोगशाळेत पाच वर्षांनी कुणी विचारलं, की हा निष्कर्ष कोणत्या आवृत्तीवर काढला होता, तर दाखवायला कागद असतो.