हृदयाचे दरवाजे

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली बांधून पूर्ण झाले. त्याच्या विस्तीर्ण जलाशयाला 'यशवंतसागर' असे नाव आहे. या धरणाला ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात भीमेला पूर आला, की काठच्या गावांचे सारे लक्ष या दरवाज्यांकडे लागते. दरवाजे वेळेवर उघडले पाहिजेत आणि नीट मिटलेही पाहिजेत. नाही तर मोठा अनर्थ ओढवेल, हे तेथील लहान मुलांनाही ठाऊक असते.

असेच दरवाजे आपणा प्रत्येकाच्या छातीत आहेत. आपले हृदय सुमारे आपल्या मुठीएवढे असते. त्यात चार कप्पे असून रक्ताने एकाच दिशेने पुढे जावे म्हणून चार झडपा असतात. धरणाचे दरवाजे यंत्राने उचलावे लागतात; हृदयाच्या झडपा मात्र रक्ताच्या दाबानेच उघडतात व मिटतात. हे कार्य दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा, क्षणभरही विसावा न घेता, चालू असते.

हृदयविकार हा केवळ म्हाताऱ्या माणसांचा रोग होय, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. काही बालकांच्या हृदयातील पडद्याला जन्मतःच छिद्र असते. काही मुले निरोगी हृदय घेऊन जन्माला येतात. परंतु पुढे घसादुखीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे त्यांचे हृदय दुबळे होते. हा दुसरा विकार टाळता येण्याजोगा आहे, म्हणून त्याची माहिती आपण करून घेतली पाहिजे.

घसा दुखला नाही, असा मुलगा विरळाच. बहुतेक वेळा ते दुखणे चार दिवसांत आपोआप बरे होते. पण कधी कधी ते 'स्ट्रेप्टोकॉकस' नावाच्या सूक्ष्मजंतूंमुळे आलेले असते. हे जंतू खोकल्याबरोबर व निकट सहवासाने पसरतात. एका खोलीत अनेक माणसे निजतात अशा घरांत, किंवा ऊसतोडीच्या हंगामात सारे कुटुंब राहते अशा कोपीत, त्यांचा प्रसार लवकर होतो.

या जंतूंशी शरीर झुंजते. पण ही झुंज चालू असता क्वचित एक विपरीत चूक घडते. शरीराचे रक्षक आपल्याच हृदयाला व सांध्यांना शत्रू समजून त्यांच्यावर चालून जातात. घसा दुखल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी मुलाला ताप येतो. आज गुडघा सुजतो, तर परवा घोटा किंवा कोपर. या रोगास 'संधिज्वर' म्हणतात. तो विशेषेकरून ५ ते १५ वर्षे वयाच्या मुलांना होतो.

काही दिवसांनी सूज उतरते व संकट टळले असे घरच्यांना वाटते. सांधे खरोखरच बरे होतात. पण हृदयाच्या झडपांना झालेली इजा पुष्कळदा मागे उरते. संधिज्वर पुन्हा पुन्हा आला, तर झडपा जाड होतात. त्या पुरत्या उघडत नाहीत किंवा पुरत्या मिटत नाहीत. मग बांधाचा लहानसा चढ चढतानाही मुलाला धाप लागते. खेळताना तो मागे राहतो व सोबती त्याला आळशी म्हणून चिडवतात. तो आळशी नसतो. त्याच्या हृदयाचा दरवाजा बिघडलेला असतो.

यावर उपाय आहे. १९२८ साली लंडन येथे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनचा शोध लावला. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे भारत सरकारने पेनिसिलिनचा कारखाना स्थापन केला. ज्या पवना नदीच्या काठी पिंपरी वसले आहे, तिचेच पाणी पुढे भीमेतून उजनीला येते. जंतूंमुळे आलेल्या घसादुखीवर वेळीच असे औषध मिळाले, तर संधिज्वर टळतो. एकदा संधिज्वर येऊन गेला असेल, तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई टोचून घ्यावी लागते, आणि तीही कित्येक वर्षे. बरे वाटते म्हणून ती चुकविणे धोक्याचे होय. झडप फारच बिघडली, तर शस्त्रक्रिया करून ती दुरुस्त करतात किंवा बदलतात.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार वैद्यकीय पथके शाळांत येऊन मुलांना तपासतात. झडप बिघडली असेल, तर स्टेथोस्कोपमधून ठोक्यांबरोबर निराळा आवाज ऐकू येऊ शकतो. तपासणीच्या दिवशी भिऊन घरी राहू नये.

घसा फार दुखून ताप आला, सांधे सुजले, किंवा थोड्या श्रमाने धाप लागू लागली, तर ते आईवडिलांना व गुरुजींना सांगावे आणि डॉक्टरांकडे जावे. मनाने कोणतेही औषध घेऊ नये. धरणाचे दरवाजे राखण्यास माणसे नेमलेली असतात. हृदयाच्या दरवाज्यांची काळजी आपली आपणच वाहिली पाहिजे. आणि एखादा सोबती धावताना मागे पडला, तर त्याला हसण्यापूर्वी त्याच्यापाशी थांबून त्याची विचारपूस करावी.