डिचोलीची धूळ, गोव्याचा पाऊस आणि हवेवर उभी गाडी

गोव्यातल्या डिचोलीच्या गॅरेजांचा हात लीफ स्प्रिंगच्या पाट्यांवर बसलेला आहे. शिरगाव, मये, साखळी या पट्ट्यात खनिज वाहणारे टिपर सप्टेंबर 2012 मध्ये थांबले, मधे काही काळ धावले आणि मार्च 2018 मध्ये पुन्हा उभे राहिले. पण तुटका पाटा बदलणे, यू-बोल्ट आवळणे ही कामे इथल्या मिस्त्रींच्या अंगवळणी पडली आहेत. पाटा तुटला की डोळ्यांना दिसतो. हवेच्या सस्पेन्शनवरची गाडी मात्र रात्रीतून खाली बसते आणि सकाळी इंजिन चालू केले की पुन्हा उठते. दोष असा लपून राहतो आणि मालक महिनोन्‌महिने तो अंगावर काढतो.

ऑफ-रोड गाड्यांत संगणकाने चालणारे हवेचे सस्पेन्शन पहिल्यांदा 1992 च्या सुमारास रेंज रोव्हरने आणले. टाटा मोटर्सने 2008 मध्ये लँड रोव्हर विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी हवेवरची डिस्कव्हरी 3 भारतात अधिकृतपणे मिळू लागली. म्हणजे आपल्याकडची ही गाडी आता पंधरा वर्षांच्या पुढची आहे. रबराच्या दृष्टीने हे म्हातारपणच.

या गाडीच्या चारही चाकांवर स्टीलच्या स्प्रिंगऐवजी रबरी बेलो असतात. कॉम्प्रेसर हवा दाबतो, टाकी ती साठवते, व्हॉल्व्ह ब्लॉक ती हव्या त्या चाकाकडे सोडतात आणि प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर उंची कळवतो. बटण दाबले की गाडी खडबडीत वाटेसाठी 55 मिलिमीटर वर उठते.

यातला सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे ड्रायर. कॉम्प्रेसरने ओढलेली हवा ओलावा शोषणाऱ्या दाण्यांमधून जाते. मिठाच्या बरणीत आपण तांदूळ टाकतो, तेच काम हे दाणे करतात. गाडी खाली येते तेव्हा बाहेर पडणारी कोरडी हवा उलट त्याच दाण्यांतून जाते आणि त्यांना पुन्हा सुकवते. बेलोला चीर पडली की हे चक्र मोडते. हवा भलतीकडूनच निघून जाते, दाणे सुकत नाहीत आणि कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालून पावसाळी दमट हवा आत ओढत राहतो. दाणे भिजून त्यांचा पांढरा भुगा होतो, तो व्हॉल्व्हमध्ये अडकतो. शेवटी कॉम्प्रेसरची पिस्टन रिंग झिजते आणि पडद्यावर ‘सस्पेन्शन फॉल्ट’ उमटते. मालक नवा कॉम्प्रेसर बसवतो, मूळ चीर तशीच राहते आणि नवाही त्याच वाटेने जातो. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. अशा हवेत ही साखळी भराभर पुढे सरकते.

निदानाला महागडे यंत्र लागतेच असे नाही. गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंनी मोजावे, दुसऱ्या सकाळी पुन्हा मोजावे. इथे एक फसगत आहे. डिस्कव्हरीचा संगणक बंद गाडीतही अधूनमधून जागा होतो आणि एक कोपरा बसलेला दिसला की बाकीचे तीनही खाली आणून समतोल साधतो. त्यामुळे सगळीच गाडी बसल्यासारखी दिसते. म्हणून मोजणीच्या रात्री सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवावा. मग खरा दोषी कोपरा तेवढा बसतो. उंची हळूहळू न उतरता अचानक, वेडीवाकडी बदलत असेल, तर मात्र सेन्सर, त्याचा दांडा किंवा गंजलेला कनेक्टर पाहावा.

कोपरा सापडला की साबणाचे पाणी. बेलोची खालची घडी, नळीचा सांधा, व्हॉल्व्ह ब्लॉक, या क्रमाने मारावे. घडीत लाल खनिजाची धूळ बसून रबर घासले जाते, म्हणून मी तिथूनच सुरुवात करायला सांगतो. खाणपट्ट्यात फिरणारी गाडी वरच्या उंचीवर नेऊन ही घडी अधूनमधून धुवावी. मुंबई-गोवा मार्गावरच्या व्होल्वो बसची देखभाल केलेल्या मिस्त्रीला हे तंत्र नवे नाही. बसलाही बेलोच असतात.

सांध्यात गळती असेल तर नळीचे टोक काटकोनात कापून नवा सांधा बसवला की काम होते. बेलो चिरला असेल तर तो बदलावाच, पंक्चरसारखा जोडू नये. नव्या बेलोत हवा भरण्याआधी गाडीचा भार त्यावर टाकला तर घडी चिमटून तो पहिल्याच दिवशी फाटतो. कॉम्प्रेसर खरोखर गेला असेल तर त्याचा रिले आणि ड्रायरही सोबत बदलावा. चिकटलेला रिले नवा कॉम्प्रेसर थांबूच देत नाही. आणि नुसत्या हवेवर उभ्या गाडीखाली कोणीही, अगदी क्षणभरही, शिरू नये. आधी चेसिसखाली स्टँड लावावेत, मग दाब सोडावा.

काहीजण वैतागून सगळेच काढून साधे कॉइल स्प्रिंग घालतात. गाडी चालते, पण उंची बदलण्याची सोय जाते आणि त्या सोयीसाठीच तर ही गाडी घेतलेली असते. नळ्या आणि व्हॉल्व्ह ब्लॉक शाबूत असतील तर दुरुस्तीच योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे.

मिस्त्रीने कॉम्प्रेसर बदलायला सांगितला तर पैसे देण्याआधी त्याला गळती कुठे आहे ते साबणाच्या फेसात दाखवायला सांगा.